बोक्याचा सुळा लांब झालाय, हिरडी वर चढलीय: ग्राफ्ट करायचा की दात काढायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बंड्याचे तिन्ही फोटो मोठे करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो, नऊ वर्षांचा बोका, वजन पाच किलो, वरचा डावा सुळा उजव्यापेक्षा लांब दिसायला लागलाय, त्याच्यावरची हिरडी वर सरकलीय आणि मुळाचा पिवळसर भाग साधारण ३ मिलिमीटर उघडा पडलाय. खातो, पण मान तिरकी करून एका बाजूने खातो. सांगलीतले तुमचे डॉक्टर म्हणाले दात काढून टाका. भाचा माणसांचा डेंटिस्ट आहे, तो म्हणाला काढायचा कशाला, हिरडीचा ग्राफ्ट टाकता येतो की, म्हणजे उघड्या मुळावर शेजारची हिरडी आणून शिवायची. आणि तुम्हाला एकीकडे भुलीची भीती, दुसरीकडे सुळा गेल्यावर हा खाणार कसा याची काळजी. मी बावीस वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांचं काम करतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं जास्त करून तोंडाचं आणि दातांचंच, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

आधी उत्तर सांगून टाकतो. भाचा चुकीचं बोलत नाहीये. मांजराला हिरडीचा ग्राफ्ट करता येतो, मी केलाय, पण किती वेळा म्हणाल तर एका हाताची बोटं पुरतील. सुळे किती काढले ते मोजायचं मात्र केव्हाच सोडून दिलं. हा काही माझा आळस नाही. माणसात हिरडी सरकते तेव्हा बऱ्याचदा खालचं हाड बरं असतं, जोरजोरात ब्रश घासून किंवा दात वाकडा असल्यामुळे नुसती हिरडी गेलेली असते, मग तिथे नवीन हिरडी आणून बसवली की काम झालं. मांजरात हिरडी सरकली म्हणजे बहुतेक वेळा तिच्या खालचं हाड आधीच गेलेलं असतं, किंवा दातच विरघळायला लागलेला असतो. पलंगाचा पाय मोडलाय आणि आपण चादर ताणून बसवतोय असा प्रकार होतो तो. चादर दोन दिवस छान दिसते.

आता बंड्याच्या फोटोकडे येतो. दुसऱ्या फोटोत तुम्ही ओठ वर उचललाय ना, तिथे सुळ्याच्या वरच्या अंगाला हाडाचा एक गोलसर फुगवटा दिसतोय, उजव्या बाजूला तो नाहीये. माझं लक्ष हिरडीपेक्षा त्या फुगवट्यावर गेलं. मांजराच्या सुळ्यांचं एक वेगळंच प्रकरण असतं, वय झालं की आणि मुळाभोवती जुनी सूज राहिली की सुळा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकत येतो आणि भोवतालचं हाड जाड, फुगीर होत जातं. म्हणजे दात लांब वाढलेला नसतो, तो बाहेर आलेला असतो. लोक कौतुकाने सांगतात, डॉक्टर आमच्या बोक्याचे सुळे बघा कसे वाघासारखे झालेत. मी मनात म्हणतो, झालं. अशा वेळी उघडं मूळ दिसण्यात हिरडी वर जाण्याचा वाटा थोडा आणि दात खाली येण्याचा वाटा जास्त असतो, आणि सरकत्या दातावर ग्राफ्ट टिकत नाही हे भाच्याला लगेच पटेल.

(सुळ्यावर जी उभी बारीक रेघ दिसतेय आणि तुम्ही चीर पडली का म्हणून विचारलंय, ती चीर नाही. मांजराच्या सुळ्याला जन्मतःच तशी खाच असते, सगळ्यांनाच असते.)

पण फोटोवरून मी निदान करत नाही आणि कुणी करून दिलं तर विश्वास ठेवू नका. खरं काम सुरू होतं मांजर भुलीखाली गेल्यावर. एक बारीक, टोकाला बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई असते, प्रोब म्हणतात, ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद घालून दाताभोवती फिरवायची. माणसात ती ३ मिलिमीटरपर्यंत आत गेली तरी चालतं, निरोगी मांजरात मात्र अर्धा, फार तर १ मिलिमीटर. त्यामुळे मांजरात २ मिलिमीटर आत गेली तरी मी सावध होतो. आणि इथे हिशेब असा की हिरडी जेवढी सरकलीय अधिक प्रोब जेवढा आत गेला, दोन्हीची बेरीज म्हणजे दाताचा आधार किती गेला तो आकडा. बंड्याची हिरडी ३ मिलिमीटर वर गेलीय, समजा वरून प्रोब आणखी ४ मिलिमीटर आत गेला तर ७ मिलिमीटर आधार गेला. या आजाराच्या आम्ही चार पायऱ्या धरतो. मुळाच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी आधार गेला असेल तर दुसरी पायरी, चौथा हिस्सा ते अर्धा गेला तर तिसरी, अर्ध्यापेक्षा जास्त म्हणजे चौथी. पहिल्या पायरीत नुसती हिरडी लाल, हाड शाबूत. चौथ्या पायरीतला दात वाचवायला जाणं म्हणजे मांजराला उगाच त्रास, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग एक्स-रे. आणि एक्स-रे म्हणजे तोंडात छोटी प्लेट ठेवून एकेका दाताचा काढलेला, अख्ख्या डोक्याचा मोठ्या मशीनवर काढलेला नव्हे, त्यात दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर येतात आणि काही म्हणजे काही कळत नाही. एक्स-रेशिवाय मांजराचा दात काढू नये, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे ते मशीन नव्हतं, एका मांजरीचा हलणारा वरचा दात मी चिमट्याने ओढून काढला, टक्क आवाज आला, हातात आलं त्याचं टोक जरा बोथट वाटलं पण मी मनाला समजावलं की आलं सगळं. दोन महिन्यांनी तीच मांजरी डोळ्याखाली सूज आणि एका नाकपुडीतून पू घेऊन परत आली. मूळ आतच राहिलं होतं. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पुढच्या वर्षी कर्ज काढून मशीन घेतलं.

एक्स-रेत काय बघायचं? पहिलं, हाड किती उरलंय आणि कुठे खचलंय. दुसरं, दात विरघळतोय का. मांजरांना आपल्यासारखी कीड लागत नाही जवळजवळ, पण त्यांचा दात शरीर स्वतःच खाऊन टाकतं, हा त्यांच्यातला फार कॉमन आजार आहे, वाढत्या वयात तर अगदीच. बाहेरून काय दिसतं तर दाताच्या कडेला हिरडीचा एक लालभडक कोंब वर चढलेला, त्याच्या खाली खड्डा. तिथे सळई लागली की भुलीत असूनही मांजराचा जबडा थरथरतो, इतकं दुखतं ते. यात दोन मुख्य प्रकार. एकात मूळ स्वच्छ वेगळं दिसतं, भोवतीची काळी बारीक रेघ शाबूत असते, तो दात मुळासकट पूर्ण काढायचा. दुसऱ्यात मुळाचं हळूहळू हाडच होत गेलेलं असतं, रेघ नाहीशी, मूळ कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते कळत नाही. तिथे मूळ उकरत बसलात तर जबडा फोडाल, त्यापेक्षा हिरडी उघडून दाताचा वरचा भाग हाडाच्या किंचित खालपर्यंत कापायचा आणि वरून हिरडी शिवून टाकायची. पण हा शॉर्टकट फक्त एक्स-रेत तसं दिसलं तरच, पू नसेल तरच, आणि अख्ख्या तोंडाला सूज येणारा जो स्टोमॅटायटिस असतो तो नसेल तरच. एक्स-रे नसताना 'मुळं राहू दे, हरकत नाही' असं कुणी म्हणालं तर ती सोय डॉक्टरची आहे, मांजराची नाही.

इथे भाचा खरंच कामाला येईल. त्याच्या क्लिनिकमध्ये आरव्हीजीचा, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेचा, तोंडात ठेवायचा सेन्सर असणारच, मोठ्या माणसांसाठी वापरतात तोच मांजराच्या सुळ्याला चालतो. तुमच्या डॉक्टरांकडे भूल देण्याची नीट व्यवस्था असेल आणि दोघांचं जमत असेल तर भाच्याला सेन्सर, एक्स-रे मशीन घेऊन त्या दिवशी बोलवा, पुण्याची खेप वाचेल. कोन कसा धरायचा ते मी फोनवर सांगेन. फक्त मांजर पूर्ण भुलीत असल्याशिवाय सेन्सर तोंडात घालायचा नाही हे त्याला सांगा, नाहीतर त्या सेन्सरचं काय होईल आणि त्याच्या बोटाचं काय होईल ते सांगता येत नाही. हे जमणार नसेल तर शिरवळच्या आणि परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात फोन करून विचारा की मांजराच्या तोंडातला एक्स-रे होतो का, किंवा पुण्याला या.

आता ग्राफ्ट कुणाला? दात घट्ट हवा, अजिबात हलत नको. हाड कडेने चांगलं उरलेलं हवं, एका बाजूला अरुंद पट्टीत हिरडी गेलेली हवी. दात विरघळत नको, बाहेर सरकत नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांजर रोज ब्रश करू देणारं हवं आणि घरात रोज ब्रश करणारं माणूस हवं, कारण प्लाक, म्हणजे दातावरचा जंतूंचा चिकट थर, साठला की सहा महिन्यांत पुन्हा तेच. एवढ्या अटी एकत्र जुळणारं मांजर म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. जुळलाच तर सहसा सुळ्यालाच करतात, कारण सुळ्यामागे पुढच्या दातापर्यंत मोकळी जागा असते, तिथली हिरडी एका बाजूला जोडलेली ठेवून सोडवायची आणि पुढे सरकवून उघड्या मुळावर आणून शिवायची. त्याआधी मूळ घासून गुळगुळीत करायचं. ऐकायला सोपं आहे, पण मांजराची हिरडी ओल्या टिश्यू पेपरसारखी असते, चिमट्याने जरा जोरात धरली की भोक. माझा यातला एक ग्राफ्ट अजून चांगला आहे, एका तीन वर्षांच्या मांजरीचा, पतंगाचा मांजा दातात अडकून हिरडी चिरली गेली होती. हाड शंभर टक्के शाबूत होतं म्हणून टिकला. माणसातलं तंत्र वाईट आहे असं नाही हो, तोंड वेगळं आहे.

यात एक प्रकार असा आहे की हिरडी सरकलेली दिसते पण दोष त्या दाताचा नसतोच, आणि तो हल्ली फार दिसतो कारण घरोघरी चपट्या तोंडाची पर्शियन आलीत. वरच्या मोठ्या दाढेचं टोक खालच्या दाढेच्या बाहेरच्या हिरडीवर प्रत्येक वेळी तोंड मिटताना टोचतं, तिथे हिरडी फाटते, खाली उतरते, किंवा उलट तिथे मांसाचा लाल गोळा तयार होतो. लोक कॅन्सर समजून रडत येतात. तिथे खालची हिरडी कितीही शिवा, वरचं टोक बोथट केल्याशिवाय किंवा ती वरची दाढ काढल्याशिवाय बरं होत नाही. गोळा काढला तर तपासायला मात्र पाठवायचा, अंदाजाने सोडायचा नाही, कारण म्हाताऱ्या मांजरात हिरडीचा खरा कॅन्सर सुरुवातीला अगदी असाच, एक हलणारा दात आणि न भरणारी जखम एवढाच दिसतो. दात काढल्यावर खड्डा तीन आठवड्यांत भरून आला नाही तर माझ्याकडे बायॉप्सी ठरलेली.

बंड्याच्या बाबतीत तो फुगवटा बघता बहुधा दात काढावा लागेल, म्हणून ते कसं करतात ते सांगतो, म्हणजे 'दात काढणे' हे शब्द ऐकून तुमच्या डोळ्यासमोर पकड येणार नाही. मांजराच्या वरच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षाही लांब आणि मागे वळलेलं असतं. ते ओढून येत नाही, ओढलं तर तुटतं, नाहीतर नाकाच्या पोकळीत रस्ता उघडतो, कारण मुळाच्या आतल्या अंगाला नाक आणि मध्ये पातळ हाडाची भिंत एवढंच. म्हणून दाताभोवती आणि पुढच्या बाजूला एक तिरका छेद घ्यायचा, हिरडी आणि हाडावरचा पातळ पडदा दोन्ही मिळून एका पदरासारखे अलगद उचलायचे, त्याला फ्लॅप म्हणतात. खाली मुळाचा उंचवटा दिसतो. भाच्याकडे असतो तसाच एअरोटर, म्हणजे दातांचं ड्रिल, त्याला बारीक बर, म्हणजे फिरणारं टोक, वरून पाण्याची धार, आणि मुळावरचं बाहेरच्या बाजूचं हाड थोडं थोडं उतरवत जायचं, बंड्याला तर फुगलेलं हाडही यातच घासून सपाट करावं लागेल. मग मूळ आणि हाडाच्या फटीत पातळ पात्याचं हत्यार घालायचं, किंचित फिरवायचं आणि तसंच धरून थांबायचं. दहा-पंधरा सेकंद. ढकलायचं नाही. आतले तंतू ताणून तुटायला तेवढा वेळ लागतो, आणि शिकाऊ मुलांना हेच थांबणं सगळ्यात अवघड जातं. थोड्या वेळाने एक बारीक चुर्रर्र असं हाताला जाणवतं, कानाला नाही, आणि दात सैल होतो. मग तो जवळजवळ स्वतःहून येतो. मूळ बाहेर आलं की टोक बघायचं, गोल, गुळगुळीत पाहिजे. तरी एक्स-रे परत काढायचाच.

आणि हो, तुम्ही विचारलंय की हिरडीचं ऑपरेशन आणि दात काढणं यात फरक काय. या जागी फार फरक उरत नाही. दात काढल्यावर खड्ड्यावर तीच हिरडी आणून पांघरायची असते, आणि ती ताण न येता पांघरली गेली पाहिजे. फ्लॅपच्या आतल्या बाजूला जो पांढरा चिवट पडदा असतो, त्यालाच फक्त आडवा छेद द्यायचा, हिरडीला धक्का न लावता. तो सुटला की आखडलेला फ्लॅप एकदम सैल होतो, दुप्पट लांब झाल्यासारखा वाटतो. माझी परीक्षा एकच, टाका न घालता फ्लॅप नुसता खड्ड्यावर ठेवायचा आणि हात काढायचा. जागच्या जागी राहिला तर शिवा. मागे गेला तर टाके चार दिवसांत सुटणार आणि मांजर शिंकताना नाकातून दाणे काढणार, लिहून देतो. टाके ५-० नंबरच्या विरघळणाऱ्या धाग्याचे, दोन-तीन मिलिमीटरवर एक, काढायला परत भूल द्यायला नको.

दोन धोके तुम्हाला माहीत असावेत. मांजराच्या वरच्या मागच्या दाढांच्या मुळांच्या अगदी वर डोळ्याची खोबण असते, हत्यार निसटलं तर डोळा जाऊ शकतो, सुळ्याला तो धोका कमी, पण दाढाही काढायच्या असतील तर हात बसलेला माणूस पाहिजे. दुसरं म्हणजे वरचा सुळा गेला की वरचा ओठ थोडा आत येतो आणि खालचा सुळा त्याला टोचायला लागतो. सगळ्यांना नाही, काहींना. टोचत असेल तर खालच्या सुळ्याचं नुसतं टोक, आतल्या नसेला न पोचता, बोथट करून देतात.

भुलीबद्दल. भीती रास्त आहे, उगाच 'काही होत नाही' म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात मोठी पाहणी झाली होती, त्यात मांजरांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण साधारण ०.२४ टक्के निघालं, धडधाकट मांजरांत ०.११ टक्के, आजारी असलेल्यांत एक टक्क्याच्या वर. आणि निम्म्याहून जास्त मृत्यू ऑपरेशन चालू असताना नव्हे तर संपल्यावर, त्यातले बरेच पहिल्या तीन तासांत. म्हणून डॉक्टरला 'भूल कोणती देणार' हे विचारण्याऐवजी 'उठेपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार' हे विचारा. आधी रक्त तपासा, किडनी, लिव्हर, साखर, नऊ वर्षांचा आहे तर थायरॉइड, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची टेस्ट, छातीत आवाज वेगळा आला तर हृदयाची सोनोग्राफी. श्वासनळीत ट्यूब हवीच, कारण तोंडात पाणी चाललेलं असतं. ट्यूबचा फुगा हलकाच फुगवायचा आणि मांजराला कूस बदलताना ट्यूब मशीनपासून सोडवायची, नाहीतर पिळा बसून श्वासनळी फाटते. अंगाखाली गरम गादी, कारण ओलं तोंड आणि छोटं शरीर भराभर गार पडतं.

आणि तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा आकडा वापरत असतील तर नम्रपणे नको म्हणा. मांजराचा जबडा पूर्ण ताणून ठेवला की मेंदूकडे आणि डोळ्याकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते, दात छान निघतो आणि कधीकधी मांजर उठतं ते आंधळं. मी सुईचं प्लॅस्टिकचं टोपण दोन सेंटिमीटरचं कापून दोन सुळ्यांच्या मध्ये बसवतो, तेवढं उघडलं की पुरतं.

भुलीसोबत जागा बधिर करणंही हवं, भाचा देतो तसंच इंजेक्शन. बधिर करायचं औषध बुपिव्हाकेन, ते मांजराला किलोला २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे बंड्याला सगळं मिळून १० मिलिग्रॅम ही कमाल, आणि एका जागी लागतं त्याच्या खूपच कमी. भाचा मदतीला असेल तर हा आकडा त्याला आधी सांगून ठेवा, माणसाच्या हाताच्या सवयीने सिरिंज भरली की गडबड होते.

हे सगळं होईपर्यंत घरी काय? मागच्या आठवड्यात तुम्ही लवंगेचं तेल लावलंत असं लिहिलंय, ते ताबडतोब बंद करा, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही. तुरटीही नको. आणि हात जोडून सांगतो, क्रोसिन वगैरे पॅरासिटामॉल असलेलं काहीही नाही, अर्धी नाही, चतकोर नाही. मांजरात पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोसच नसतो, रक्त चॉकलेटी पडतं आणि मांजर जातं, दरवर्षी एखादं तरी येतं असं. मेलोक्सिकॅम हे दुखण्याचं औषध आम्ही मांजराला देतो पण पाच किलोच्या बोक्याला पहिल्या दिवशी अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मेडिकलमधली माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते, आता तुम्हीच बघा. अँटिबायोटिकचा कोर्स पण वरचेवर नको, आठवडाभर वास कमी होतो, सगळ्यांना बरं वाटतं आणि हाड खचायचं ते खचतच राहतं. 'भूल न देता स्केलिंग' अशी जाहिरात दिसली तर पुढे चला, दात वरून चकाचक होतो आणि हिरडीखाली, जिथे खरी घाण असते, तिथे हातही लागत नाही.

ऑपरेशननंतर खाण्याचं. खाईल. मांजर आपल्यासारखं दळून खातच नाही, कापतं आणि गिळतं. सगळे तीस दात काढलेली मांजरं माझ्याकडे आहेत, त्यातल्या दोन कोरडे दाणे आवडीने खातात, कसं विचारू नका. सुळा शिकारीला लागतो, वाटीतल्या जेवणाला नाही. बहुतेक मांजरं त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या सकाळी तोंड लावतात. दोन आठवडे मऊ द्या, पाऊच, उकडून कुस्करलेलं चिकन, वाफवलेले बोंबील काटे काढून, मात्र कांदा-लसूण घातलेलं नको. गळ्यात कॉलर, खेळणी चावायला नको. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा, चला बघू उद्या म्हणत थांबू नका, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, आणि गुटगुटीत बोक्यांना ते आधी होतं. दहा-बारा दिवसांनी तोंड दाखवायला आणायचं.

राहिला उजवा सुळा. 'त्याच भुलीत तोही काढून टाकायचा का' असं विचारलंय. आधीच ठरवायचं नाही. त्याच भुलीत त्याचाही प्रोब आणि एक्स-रे, किंबहुना तीसही दातांचे. आधार चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी गेला असेल, दात विरघळत नसेल आणि सरकलेला नसेल तर साफ करून ठेवायचा, घरी रोज ब्रश सुरू करायचा आणि सहा महिन्यांनी परत एक्स-रे. ब्रश म्हणजे सुरुवातीला बोटाला सुती कापड गुंडाळून, मांजरांची चिकनच्या चवीची पेस्ट लावून, फक्त बाहेरच्या बाजूने. आपली पेस्ट नको, तो गिळणार ती. टाके भरेपर्यंत डाव्या बाजूला हात लावायचा नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला की पाठवा. आणि उजव्या सुळ्याचा एक फोटो अजून लागेल, पाठवलेल्यात तो ओठाआड गेलाय. बंड्या जेवून झोपेला आला की खिडकीजवळ घ्या, फ्लॅश नको, अंगठ्याने ओठ वर धरा आणि मुळाच्या वरची हाडाची बाजू दिसेल असा बाजूने काढा.